बत्ताशाचे तांबडे पाय: घरच्या ग्रूमिंगचं एक प्रकरण

बत्तासा हा साडेतीन वर्षांचा वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर, म्हणजे वेस्टी. नर, नसबंदी झालेला, वजन साडेनऊ किलो. अंगकाठीच्या मानाने किलोभर जास्तच. घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. माणसं चार: नवरा-बायको, सातवीतली मुलगी आणि आजी. कुटुंब इंग्लंडमध्ये रेडिंगला होतं, यंदा मार्चमध्ये कायमचं परतलं आणि कुत्रंही सोबत आलं. वेस्टी आपल्याकडे क्वचित दिसतो. परदेशी कुत्री आणून त्यांची पैदास करून विकण्यावर 2016 मध्ये सरकारने बंदी घातली होती. मुक्काम हलवून परतणाऱ्याला मात्र आपलं पाळलेलं कुत्रं कागदपत्रांसह आणता येतं. बत्तासा तसा आलेला.

मी घरोघरी जाऊन कुत्र्यांचं ग्रूमिंग करते. जुलैच्या मध्यावर या घरून फोन आला आणि मागणी एकच होती: "ताई, याला परत पांढरा करून द्या." पांढऱ्या कुत्र्यांची गिऱ्हाइकं बहुतेक याच भाषेत बोलतात, त्यामुळे त्यात नवल वाटलं नाही. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते दुसऱ्या कारणासाठी. या घरात कुत्र्याची आबाळ अजिबात नव्हती. जे काही बिघडलं होतं ते चौघांच्या मायेने, चार दिशांनी बिघडलं होतं.

पाहणी

दार उघडल्याबरोबर वास आला. ओलसर, आंबूस, थोडा तुपकट. हा वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही, आणि तो मळाचा नसतो.

चारही पंजे बोटांच्या बेचक्यांपासून वरपर्यंत गंजाच्या रंगाचे झाले होते. ओठांच्या कडा आणि हनुवटी त्याच रंगाची, डोळ्यांखाली दोन तांबूस ओघळ. पाठ मात्र पांढरी, इतकी की उजेडात निळसर झाक मारत होती. काखेत बोट घालायला गेले तर बोट आत शिरेना. केसांचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला गुंता, झाला होता. जांघेतली कातडी जाडसर आणि करडी पडायला लागलेली, कान आतून लाल. पाठीचे केस फुंकर मारून दुभंगवले तर मुळाशी पांढरी पूड दिसली. कोंडा म्हणावा तर बोटाला गुळगुळीत लागत होती.

मी हे बघत असतानाच त्याने पुढचा उजवा पंजा तोंडात घेतला आणि बेचक्यात दात घालून कुरतडायला लागला. मुलगी म्हणाली, "ती त्याची सवयच आहे. रेडिंगलाही करायचा, उन्हाळा आला की."

सगळ्या भेटीत कामाचं असं वाक्य हे एकच.

कुत्र्याच्या लाळेत आणि अश्रूंत पॉर्फिरिन नावाची लोहयुक्त द्रव्यं असतात. ती केसांवर साचत गेली की तांबूस रंग चढतो. काळ्या कुत्र्याच्या पायावरही चढतो, पण दिसत नाही, म्हणून तिथे कुणी फोन करत नाही. पाय तांबडे झाले याचा अर्थ कुत्रं ते चाटतंय. सतत चाटतंय म्हणजे खाज आहे, आणि खाज दरवर्षी ठरावीक मोसमात उठते म्हणजे कारण पुण्यात येण्याआधीचं आहे. तेव्हा तांबडा रंग घालवायला निघालेल्या माणसाने रंगाकडे बघून उपयोग नाही.

घरात काय चालू होतं

चौघांशी वेगवेगळं बोलावं लागलं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की कुत्र्याचं आपण एकटेच बघतो.

ताई, म्हणजे मुलीची आई, दर रविवारी आंघोळ घालायच्या. आधी लहान मुलांचा शाम्पू ("तो सौम्य असतो ना"), मग पांढऱ्या केसांसाठी मिळणारा जांभळा शाम्पू. पाठीवरची निळसर झाक त्याचीच. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनाच्या जवळ जाणारी. त्यामुळे बाळाला सौम्य ते कुत्र्याला सौम्य हे गणित बसत नाही. विंचरणं आंघोळीनंतर, केस ओले असताना. वाळवणं टॉवेलने खसाखसा पुसून, मग पंख्याखाली.

दादा, म्हणजे तिचे वडील, त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायचे. पाऊस असला की नायलॉनचा रेनकोट. हार्नेस घालता-काढताना बत्तासा नखरे करतो म्हणून तो दिवसभर अंगावरच. त्याचे पट्टे नेमके काखेतून जातात. नमदा तिथेच झाला होता, आणि तो का झाला हे सांगायला ग्रूमर लागत नाही.

आजी फिरून आल्यावर त्याला टाल्कम पावडर लावायच्या, "ओल टिपून घेते" म्हणून. मुळाशी दिसलेली पूड ती. आतल्या बारीक लोकरीत पावडर बसली आणि त्यावर ओल आली की तिचा लगदा होतो, लगद्यात केस गुंततात. शिवाय कुत्रं ती हुंगतं, चाटतं. बेचक्यात लाल दिसलं म्हणून त्यांनी हळदही लावून पाहिली होती. पांढऱ्या कुत्र्याला हळद लावल्यावर काय होतं ते सांगायला नको. तांबड्यात पिवळ्याची भर पडली.

यात मे महिन्यातलं एक सलून धरायला हवं. "पुण्याचा उन्हाळा आहे" म्हणून तिथे त्याची पाठ जवळजवळ कातडीपर्यंत उतरवली होती. या जातीचं कोट, म्हणजे अंगावरच्या केसांचं आवरण, कसं घडलंय हे ठाऊक असतं, तर कुणी मशीनचं बटण दाबण्याआधी विचार केला असता.

त्या कोटाविषयी

वेस्टी मूळचा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचा, आर्गाइल भागातला. तिथल्या पोल्टॅलॉक जहागिरीच्या माल्कम घराण्याने ही पांढरी टेरियर जोपासली. तांबूस टेरियर शिकारीत कोल्हा समजून मारला गेला आणि तेव्हापासून माल्कमनी पांढरीच पाळायची ठरवली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, कुत्रं खडकांच्या कपारींत कोल्ह्यामागे घुसायला होतं. इंग्लंडच्या केनेल क्लबने 1907 मध्ये या नावाने जात नोंदवून घेतली.

अशा कामाला लागणारं कोट दुहेरी असतं. वर साधारण पाच सेंटिमीटरचे राठ, सरळ केस. पाणी आणि चिखल त्यांच्यावरून ओघळतो, वाळला की झडतो. खाली आखूड, मऊ, दाट लोकर. राठ केस मशीनने कापत राहिलं की जुना केस मुळापासून निघत नाही आणि वरचं कोट हळूहळू मऊ होत जातं. मऊ केस पाणी ओघळू देत नाहीत, धरून ठेवतात.

ताईंचा सवाल बिनतोड होता: "पण हे पावसाळी देशातलंच कुत्रं ना? तिथे तर बारा महिने पाऊस." खरंय. पण तिथला पाऊस थंड, आणि हे कुत्रं राठ कोट घेऊन त्यात भिजतं. आपल्या जुलैत हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर, गच्चीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, त्यात मऊ झालेलं कोट, वर नायलॉनचा रेनकोट. कातडी वाळणार कधी?

त्या दिवशी आंघोळ घातली नाही

आजींना हे मुळीच पटलं नाही. "अगं, आंघोळ न घालता पैसे कसले घेतेस?" त्यांचंही चुकलं नाही. पण त्वचेवर काय वाढलंय हे डॉक्टरांना बघायचं असेल तर ती आदल्या दिवशी धुऊन चालत नाही. धुतलं की पुरावा वाहून जातो आणि मूळ दुखणं राहतं.

मी फक्त काखेतले आणि कानामागचे नमदे काढले. काखेतला नमदा कात्रीने कापायचा मोह घरी कुणीही करू नये. नमद्यासोबत पातळ कातडी वर ओढली गेलेली असते आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली हे दिसत नाही. कात्रीने चिरलेल्या काखा मी बऱ्याच पाहिल्यात. मशीनचं बारीक पातं कातडीला समांतर ठेवून, तिळातिळाने पुढे न्यावं लागतं. पातं तापतं, म्हणून मधेमधे मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. तिथे चटका जाणवला तर कुत्र्याच्या काखेत तो दुप्पट जाणवणार. नमदा अखंड सुटून आला तेव्हा त्याची आतली बाजू ओली होती. खालची कातडी गुलाबी, चिकट.

हार्नेस उतरवून खुंटीला लावला, पावडरचा डबा आजींच्याच हाताने कपाटात ठेवायला लावला आणि त्वचेचं काम बघणाऱ्या पशुवैद्यांकडे पाठवलं.

डॉक्टरांनी बेचक्यात आणि जांघेत पारदर्शक चिकटपट्टी दाबून नमुना घेतला, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, भरपूर होतं, भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराचं. ते थोडंफार प्रत्येक कुत्र्याच्या त्वचेवर असतंच; उबदार ओल मिळाली आणि त्वचेची राखण ढिली पडली की फोफावतं. दारातला वास त्याचा. सोबत थोडे जिवाणू. त्वचा खरवडून घेतलेल्या नमुन्यात खरजेचे किडे नव्हते, पिसवा-गोचिडांचं औषध दर महिन्याला चालू होतं. उरला संशय ॲटॉपीचा, म्हणजे धूळ, घरातले सूक्ष्म किडे, परागकण अशा गोष्टींच्या ॲलर्जीचा. या दुखण्यासाठी वेस्टी ही जात जगभरच्या पशुवैद्यांना चांगली परिचित आहे. बहुतेक कुत्र्यांत ते सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढतं. रेडिंगची ती 'सवय' त्याच हिशेबात बसते.

ॲटॉपीचं निदान एका तपासणीत होत नाही. बाकीची कारणं एकेक करून खोडावी लागतात. म्हणून आठ आठवडे ठरवून दिलेलं एकच अन्न, दुसरं काही नाही. खाज कमी करणारी गोळी आणि 2 टक्के क्लोरहेक्सिडीन, 2 टक्के मायकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा. शाम्पू त्वचेवर दहा मिनिटं राहिला पाहिजे, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

पथ्याचा सगळ्यात जास्त त्रास कुत्र्याला झाला नाही, आजींना झाला. जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा बत्ताशाचा, हा त्यांचा रेडिंगच्या भेटींपासूनचा रिवाज. "एका घासाने काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तर असं की पथ्याचा अर्थच त्या एका घासात असतो, तो घास गेला तर आठ आठवड्यांनी निघालेला निष्कर्ष कुचकामी. हे त्यांना मुलीने समजावलं. आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं.

आंघोळ, खरी

पुढच्या भेटीपासून शिकवणं सुरू केलं, कारण आठवड्यातून दोनदा मी येणं त्यांना परवडणार नव्हतं आणि मला शक्य नव्हतं.

पहिला नियम: विंचरणं आंघोळीच्या आधी, पूर्ण, कोरड्यावर. गुंता पाण्यात आवळतो. आधी बोटांनी सुटला असता तो नंतर मशीनने काढावा लागतो. वरवर ब्रश फिरवून केस फुललेले दिसतात आणि आत लोकर तशीच गुंतलेली राहते. एका हाताने केस वर उचलून धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेवरून एकेक थर खाली सोडत विंचरायचा. शेवटी स्टीलची कंगवी मुळापासून टोकापर्यंत विनाअडथळा गेली तरच पाणी. हनुवटी आणि डोळ्यांभोवती घरातली उवांची फणी उत्तम चालते, फक्त ती बत्ताशाची वेगळी ठेवायची.

मोरीत रबरी चटई, कारण पाय घसरला की कुत्रं घाबरतं आणि पुढची आंघोळ कठीण जाते. पाणी कोमट म्हणण्याइतपतही गरम नको. गरम पाण्याने खाज चाळवते. दाट लोकरीत पाणी कातडीपर्यंत पोचायला आपल्याला वाटतं त्याहून फार वेळ लागतो. शाम्पू मगात थोड्या पाण्यात मिसळून घ्यायचा आणि सुरुवात पंजांपासून. त्यांना औषधाची गरज जास्त, आणि पाठ चोळेपर्यंत त्यांची मिनिटं भरत जातात.

ती दहा मिनिटं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. फेसाने माखलेलं टेरियर दहा मिनिटं उभं ठेवायचं आणि त्याला पंजे चाटूही द्यायचे नाहीत. बिस्कीट देता येत नाही, पथ्य आहे. तोड मुलीने काढली: संध्याकाळच्या जेवणातल्या पथ्याच्या अन्नाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायच्या आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून एकेक द्यायची. तो तिच्या हाताकडे बघत उभा राहतो. घड्याळ आजींकडे.

धुताना पाणी स्वच्छ यायला लागलं की बहुतेक लोक थांबतात. त्यानंतरही तेवढाच वेळ धुवावं. केस बोटांत करकरले पाहिजेत, विशेषतः पोटाखाली आणि बेचक्यांत. राहिलेला शाम्पू स्वतःच खाज आणतो.

आता वाळवणं. माझ्या मते निम्मं ग्रूमिंग इथे आहे, आणि नेमकं हेच लोक उरकून टाकतात. खसाखसा पुसलं की केस पुन्हा गुंततात आणि लाल कातडी आणखी चिडते. जुना सुती पंचा घ्यायचा आणि दाबून दाबून टिपायचं. तो पाणी चटकन ओढतो. मग ड्रायर, थंड हवेवर, एका हाताने केस दुभंगत. पंख्याने वरचे केस वाळतात, लोकर ओलीच राहते. वाळलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. केस दुभंगून बोटांची मागची बाजू कातडीला टेकवायची. गार लागलं तर अजून ओल आहे. ताईंना हे कळल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दर रविवारी तो रात्रीपर्यंत ओलाच असायचा."

ड्रायरच्या आवाजाला तो भ्यायचा. काही दिवस ड्रायर जेवणाच्या वेळी शेजारच्या खोलीत नुसता चालू ठेवला, मग त्याच खोलीत लांब, मग जवळ. टेरियरला घाई चालत नाही.

फिरून आल्यावर: हार्नेस दारातच खुंटीला, पंजे साध्या पाण्यात बुचकळून प्रत्येक बेचकं कोरडं करायचं. पंजाखालच्या गाद्यांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीला आणले, म्हणजे चिखल आणि ओल धरायला जागा उरत नाही. रेनकोट बंद. भिजला तर भिजू दे, घरी येऊन वाळव.

नखं या जातीची बहुधा काळी, आतली जिवंत शीर दिसत नाही. दर आठवड्याला जराशी चकती काढायची. कापलेल्या तोंडावर मधोमध काळपट ठिपका दिसला की थांबायचं. कानांतले केस मी उपटले नाहीत. लाल कानाला हात लावू नये, तो डॉक्टरांचा.

हाताने उपटायचं की कापायचं

ऑगस्टमध्ये रेडिंगच्या एका मैत्रिणीने ताईंना फोनवर सुनावलं की वेस्टीला मशीन लावणं म्हणजे पाप, त्याचं कोट हातानेच काढायचं असतं. ती चुकीचं बोलत नव्हती. पिकलेला राठ केस अंगठा आणि तर्जनीत धरून वाढीच्या दिशेने ओढला की सहज निघून येतो, कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही, आणि जागी नवा राठ केस उगवतो. प्रदर्शनातल्या वेस्टींचं कोट असंच राखतात. पण ही पद्धत निरोगी कातडीची आहे. सुजलेल्या, यीस्टने चिडलेल्या कातडीवरून केस उपटणं म्हणजे छळ. शिवाय वर्षानुवर्षं मशीन फिरलेल्या मऊ कोटाला पकडायला राठ केसच उरत नाही.

म्हणून मशीनच लावलं, पण मेमधल्यासारखं नाही. पाठीवर अर्ध्या इंचाची लांबी, केसांच्या दिशेने. पोट, जांघ आणि काखा आखूड, औषध पोचावं म्हणून. डोक्याचा गोल तसाच ठेवला, डोळ्यांत जाणारे केस तेवढे काढले. जातीच्या पुस्तकापेक्षा समोरच्या कातडीचं ऐकावं असं माझं मत. रेडिंगच्या मैत्रिणीला ते कळवलं की नाही, मला ठाऊक नाही.

डोळ्यांखालच्या ओघळांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा फिरवायचा सल्लाही कुठून तरी आला होता. डोळ्याच्या इतक्या जवळ ते न्यायचं नाही. रोज सकाळी ओल्या कापसाने टिपायचं आणि लगेच कोरड्याने. टी ट्री तेलाची बाटली मी ताईंना फेकून द्यायला लावली. कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं, आणि अंगावर लावलेलं प्रत्येक तेल शेवटी त्यांच्या पोटात जातं.

पुढे काय झालं

दारातला वास ऑगस्टच्या सुरुवातीला गेला. चाटणं कमी झालं, थांबलं नाही. गणपतीच्या सुमारास पंजे दुरंगी होते: मुळाशी नवा पांढरा केस, टोकाला जुना गंज. घरात आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, रंगवलंय का? दिवाळीच्या आधी टोकं कापली तेव्हा तांबडं जवळजवळ संपलं, हनुवटी सोडून. हनुवटी पाणी पिताना रोज भिजते, ती थोडी बदामी राहणारच.

पथ्याने खाजेत फरक पडला नाही आणि जुनं अन्न सुरू केल्यावर वाढलीही नाही, म्हणून डॉक्टरांनी अन्नावरची शंका काढून टाकली. आता निदान ॲटॉपीचं, म्हणजे जन्माची सोबत. गोळी चालू आहे, औषधी आंघोळ आठवड्यातून एकदा. त्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुतलं जातं, कारण धुळीतले किडे तिथेच वाढतात. पथ्याच्या काळात वजन आठशे ग्रॅमने उतरलं. पोळीचा तुकडा परत आला आहे, नखाएवढा, तूप न लावता. तूप मी नाही काढलं, डॉक्टरांनी काढलं.

जांघेतली करडी कातडी मऊ होतेय, पण पूर्ण नाही. पाठीच्या मधोमध एक पट्टा मशीन न लावता वाढू दिला आहे. कातडी शांत राहिली तर जानेवारीत तिथले थोडे केस हाताने काढून बघणार. राठ केस परत येतो का ते त्यावरून कळेल. पुढचा पावसाळा मात्र अंदाजावर सोडलेला नाही. मेअखेर डॉक्टरांकडे चिकटपट्टीची तपासणी, आणि पहिला पाऊस पडला की आंघोळ पुन्हा आठवड्यातून दोनदा. तसं आजींनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे, दुधाच्या हिशेबाखाली.